दुसऱ्याच्या निगेटिव्हवरून प्रिंट काढायचं काम कुणी केलंय का?

मृण्मयी_के
कॉलेजात ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटिंग शिकतेय. सर म्हणाले, फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ स्वतः प्रिंट काढत बसत नसत. पॅरिसच्या पिक्टो लॅबमध्ये व्होया मित्रोविच त्यांच्या प्रिंट काढायचे. आपल्याकडे मोठ्या फोटोग्राफरकडे असं काम केलेलं कुणी आहे का इथे? नक्की काय काय करावं लागायचं?

जुना_हायपो
केलंय. ऐंशीच्या दशकात, मुंबईत फोर्टला. साहेबांचं नाव लिहीत नाही.

साहेब कॉन्टॅक्ट शीटवर (सगळ्या निगेटिव्हच्या छोट्या प्रिंट असलेला एकच कागद) लाल पेन्सिलीने खुणा करायचे. मी आधी एक सरळ प्रिंट काढायची, मग तिच्यावरच ते लिहायचे : 'आकाश अजून काळं', 'चेहरा उजळ'. कागदावर उजेड जितका जास्त तितकं काळं, म्हणून आकाशासाठी दोन्ही तळव्यांमध्ये फट ठेवून तेवढ्याच भागाला जादा उजेड द्यायचा. चेहऱ्यावरचा उजेड अडवायला तारेला चिकटवलेली काळ्या पुठ्ठ्याची चकती, ती सतत हलती हवी. हात थांबला की कडा उमटलीच. एका प्रिंटला हे जमतं हो. पण त्याच निगेटिव्हच्या वीस मागितल्या, तर विसावी पहिलीसारखीच निघायला हवी. पगार त्याचा होता.

डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांवर हवा आणि मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीत. बर्फ थेट टाकला तर डेव्हलपर पातळ होतो, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ट्रेमध्ये सोडायचा. एसी होता, पण तो कॅमेऱ्यांच्या खोलीत!

वाद व्हायचे ते वाळण्यावरून. फायबर पेपर (प्लास्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद) वाळला की थोडा गडद होतो. एजन्सीवाले ओली प्रिंट बघूनच खूश. साहेब ओलीकडे बघायचेच नाहीत. 'वाळू दे, मग खिडकीपाशी आण.' त्यामुळे ओल्यात जरा फिकीच काढायची सवय लागली. उजेडाचे दहा सेकंद बरोबर वाटले तर नऊच द्यायचे.

मला काळा रंग ठणठणीत आवडायचा, त्यांना करड्या छटा. मी तीन नंबरच्या ग्रेडवर (कागदाचा नंबर वाढला की काळं-पांढरं ठळक, करड्या छटा कमी) काढलं की म्हणायचे, 'दोनवर काढ, सावलीत माणूस बसलाय तो दिसू दे.' काही फोटोंच्या बाबतीत मला आजही वाटतं की तीनच बरोबर होता. पण सही त्यांची होती.

फिल्मवाला_नाशिक
काका, पेपर कुठला वापरायचात? इंदू?

जुना_हायपो
रोजच्या कामाला इंदूच, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा. प्रदर्शनासाठी इलफर्ड. ते पाकीट साहेबांच्या कपाटात कुलूपबंद, कागद मोजून मिळायचे. वापरलेला हायपो, म्हणजे प्रिंट पक्की करायचं रसायन, मात्र ओतून द्यायचा नाही, त्यातली चांदी काढणारे येऊन विकत घ्यायचे. ते पैसे माझे. साहेबांना माहीत होतं, विषय कधी काढला नाही.

मृण्मयी_के
भारी! म्हणजे मागे नाव वगैरे काही नाही?

जुना_हायपो
प्रिंटच्या मागे स्टुडिओचा शिक्का. तो मारायचो मीच. तुम्हाला कॉलेजात फायबर देतात की आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला?

मृण्मयी_के
सध्या आरसी. दिवाळीनंतर फायबरचं एक पाकीट मिळणार आहे.

जुना_हायपो
मग त्यातला पहिला कागद पट्ट्या कापून किती सेकंद उजेड द्यायचा त्याच्या टेस्टलाच घाला. महाग वाटेल, तरी कापा. आणि पट्ट्या वाळवून बघा, ओल्या नकोत.