मीटर म्हणतो ०.८ ओहम, हिशेब म्हणतो ६.८६. बल्बचा खरा रोध कोणता?

शिकतेय_अजून
नमस्कार. अकरावीच्या प्रयोगवहीसाठी मोजमाप करतेय आणि दोन दिवस एकाच जागी अडकलेय. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घेतला. बॅटरीला जोडल्यावर १२.० व्होल्ट आणि १.७५ अँपिअर आले. भागाकार केला, रोध ६.८६ ओहम. गुणाकार केला, शक्ती २१ वॅट. बल्बच्या टोपीवर छापलंय तेवढीच. इथवर खूश होते.

मग बल्ब काढला, मीटर ओहमवर ठेवला आणि रोध थेट मोजला, तर ०.८! तीनदा मोजला. हा आकडा धरला तर १५ अँपिअर आणि १८० वॅट व्हायला हवेत. तेवढ्याने बल्ब उडेलच ना? नियम चुकतोय, मीटर बिघडलाय की मी?

प्रोब_आणि_पिना
आधी मीटरच्या दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून बघ. किती येतं?

शिकतेय_अजून
०.२.

प्रोब_आणि_पिना
म्हणजे तो वायरींचाच रोध. वजा कर, बल्बचे ०.६ राहिले. आणखी एक, व्होल्टेज बल्बच्या दोन टोकांवर मोजलंस की बॅटरीवर? बॅटरीवर १२.६ आणि बल्बवर १२.० असेल, तर मधले ०.६ व्होल्ट जोडणीच्या वायरी आणि अँपिअर मोजणारा मीटर खातात. १.७५ अँपिअरला ती एका वॅटहून जास्त शक्ती झाली, आणि ती बल्बच्या खात्यात धरायची नाही.

शिकतेय_अजून
बल्बवरच मोजलं होतं. पण ०.६ धरलं तर कोडं अजूनच वाढतं, २० अँपिअर येतात!

वाइंडिंगवाले_काका
बाळा, नियम ठीक, मीटर ठीक, तूही ठीक. तुझे दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त एक गार तारेचा आहे आणि दुसरा पेटलेल्या तारेचा.

मी तीस वर्षं विजेच्या मोटारी भरतोय, म्हणजे त्यांच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी, वाइंडिंग, बसवतोय. सकाळी गार मोटारीच्या वाइंडिंगचा रोध ५ ओहम भरला आणि दिवसभर चालवून बंद केल्याबरोबर ६ भरला, की मला कळतं तांबं साधारण ५० अंशांनी तापलंय. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. आत थर्मामीटर जात नाही, म्हणून आम्ही रोधावरूनच ताप बघतो. तुझ्या बल्बात टंगस्टन आहे, आणि ते उजेड द्यायला २००० अंशांच्या वर जातं. मग रोध दहा-बारा पट झाला तर नवल कसलं? ०.६ चे ६.८६ झाले, बरोबर त्याच हिशेबात.

आणि ते २० अँपिअर नुसते कागदावरचे नाहीत. बटण दाबल्या क्षणी तार गार असते, तेव्हा करंटचा मोठा झटका खरोखर येतो. वायरींचा रोध आडवा येतो म्हणून पूर्ण २० होत नाही, पण नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट होतो. सेकंदाच्या शंभराव्या भागांत तार तापते, रोध चढतो आणि करंट १.७५ वर येऊन बसतो. जुने बल्ब चालू करतानाच का उडतात, ते आता तुझं तूच सांगशील.

म्हणून शक्ती काढताना व्होल्टेज आणि करंट दोन्ही बल्ब चालू असताना मोजायचे आणि गुणायचे. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध हे सूत्रही चालतं, पण त्यात रोध त्या घडीचा घालावा लागतो. गार रोध घातलास की तुझे १८० वॅट आलेच.

जमलं तर बदलत्या व्होल्टेजच्या सप्लायवर बल्ब आणि २२ ओहमचा १० वॅटचा रेझिस्टर, दोन्ही मोजून बघ. बॅटरीचं व्होल्टेज करंट ओढला की खाली बसतं. जॉर्ज ओहमलाही याच गोष्टीने छळलं होतं. शेवटी त्याने तांबं आणि बिस्मथच्या जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात ठेवलं आणि न डगमगणारं व्होल्टेज मिळवलं. १८२७ साली नियम मांडला तो या कष्टांवर.

प्रोब_आणि_पिना
एक काळजी घे. करंट मोजून झाला की लाल वायर १० अँपिअरच्या भोकातून काढ, मगच व्होल्टेज मोज. मी एकदा तशीच ठेवून प्रोब बॅटरीला लावल्या. ठिणगी उडाली आणि प्रोबचं टोक वितळलं.

शिकतेय_अजून
आज प्रयोगशाळेत मोजलं. रेझिस्टर: १२ व्होल्टला ०.५४५ अँपिअर, ६ व्होल्टला ०.२७३. दोन्हीकडे २२ ओहम, आणि शक्ती ६.५ वॅटवरून १.६, म्हणजे बरोबर पाव.

बल्ब: ६ व्होल्टला १.२ अँपिअर, म्हणजे ५ ओहम आणि ७.२ वॅट. पाव असती तर सव्वापाच आली असती. ३ व्होल्टला ०.८२ अँपिअर, ३.६६ ओहम, आणि तार नुसती तांबूस. रोध डोळ्यांदेखत उतरत होता, काका! फक्त बल्बचा आलेख वाकतोय, तसाच काढू?

वाइंडिंगवाले_काका
तसाच काढ. बिंदू जोडायला पट्टी घेऊ नकोस, हाताने जोड. आणि प्रत्येक बिंदूशेजारी तारेचा रंग लिही.