आई-बाबांना घेऊन स्पिती (हिमाचल), रूट कुठला?

सप्टेंबरमध्ये ९ दिवस आहेत, गोंपा (बौद्ध मठ) बघणं हाच मुख्य हेतू. मनालीकडून जावं की शिमल्याकडून?

> शिमल्याकडूनच जा, किन्नौरमार्गे उंची हळूहळू वाढते, मनालीकडून कुंझुम खिंड ४५०० मीटरच्या वर आहे, एकदम डोकं धरतं, वयस्कर माणसांना तर नकोच.

> +१. आणि स्पितीतल्या ताबो गावात २ रात्री राहाच! ९९६ सालचा गोंपा, बाहेरून साध्या मातीच्या भिंती पण आत भित्तिचित्रं अशी की हिमालयातलं अजिंठा का म्हणतात ते कळतं. आत फोटो काढू देत नाहीत, अंधार असतो, टॉर्च न्या आणि निवांत बसा.

> काझा (स्पितीतलं मुख्य गाव) ३६०० मीटरच्या वर आहे, पहिल्या दिवशी फक्त आराम. निघण्याआधी बाबांना डॉक्टरांना दाखवाच.

खूप आभार, शिमल्याकडूनच जातो.