पोटाला पट्टा बांधून दोन महिने झाले, पोट जागच्या जागी

आठबावीस

नमस्कार मंडळी. वय ४६, उंची १६८ सेंमी. डोंबिवली ते सीएसएमटी, पुढे बँकेत दिवसभर खुर्ची. मार्चमध्ये ऑफिसच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर १०८ निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, वजन उतरवा, पोट कमी करा. कसं, ते विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत येऊन बसला होता.

मग जो जे सांगेल ते करत गेलो. सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मोठा चमचा मध. मग दोनशे क्रंचेस (पहिल्या दिवशी बावीस झाले होते, हे अभिमानाने नोंदवतो). मग पोटाला तो काळा घामाचा पट्टा आवळून चाळीस मिनिटं चालणं. पट्टा काढला की पोटावरून पाणी निथळतं, बनियन पिळावा लागतो. एके दिवशी पट्टा बांधायच्या आधी आणि नंतर वजन करून पाहिलं: आधी ८२.१, नंतर ८१.४. बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. चहा-पाणी घेऊन निघताना पुन्हा काट्यावर उभा राहिलो, तर ८२.

रात्रीचा भात बंद आहे, दोन पोळ्या. सोमवार-गुरुवार उपास. दोन महिन्यांनी वजन ८१.३, आणि बेल्टचं भोक तेच.

घरात वेगळंच महाभारत चाललंय. मुलगा १९ वर्षांचा, जिमला जातो. तो म्हणतो, बाबा, वजनं उचला. आई म्हणते, मुळीच नको, वजनं सोडली की सगळ्या मांसाची चरबी होते, आपल्या गावच्या पैलवानाचं काय झालं आठव. मुलाने माझ्या बायकोसाठी दोन डंबेल आणले. तिला पुरुषी दंड नकोत, म्हणून ते सध्या पनीर दाबायला वापरात आहेत. आणि मुलाचा प्रोटीन पावडरचा डबा आईने माळ्यावर लपवलाय, 'किडन्या जातात' म्हणून.

यातलं खरं कोणाचं? आणि माझं पोट का हलत नाही?

उगाच

पट्ट्याने पोट गेलं असतं तर बेल्टखालचं तरी गेलं असतं. मी तीस वर्षं चामड्याचा बांधतोय.

लालमाती

आईंना नमस्कार सांगा. त्यांच्या डोळ्यासमोरचा पैलवान मी नसेन, पण असतो तरी चाललं असतं.

गाव कोल्हापूरजवळ, वय ५८. चौदाव्या वर्षी तालमीत राहायला गेलो, सत्ताविसाव्या वर्षी गुडघ्याने हात टेकले. मधली तेरा वर्षं पहाटे साडेचारला वस्तादांची काठी जमिनीवर आपटायची. जोर, बैठका, मग हौद्यात उतरून खोऱ्याने माती उकरायची, मग लढती. संध्याकाळी पुन्हा तेच. भरात होतो तेव्हा दिवसाला हजार बैठका आणि पाचशे जोर मारायचो. खुराक पण तसाच: दोन लिटर म्हशीचं दूध, बदामाची थंडाई, तूप, अंडी, आठवड्यातनं तीनदा मटण. वजन ८६, आणि पोटावर चिमटीत धरायला कातडीशिवाय काही नाही.

गुडघा गेला आणि साखर कारखान्यात स्टोअरला चिकटलो. मेहनत एका दिवसात बंद झाली. खुराक बंद व्हायला अकरा वर्षं लागली. आमची आई ताटात तुपाची धार धरायची, 'पैलवान हाय माझा' म्हणत. मी पण नको म्हणत नव्हतो. तीन वर्षांत ११२ किलो झालो. गावात म्हणायला लागले, पैलवान सुटला, मांसाची चरबी झाली.

मांसाची चरबी होत नाही ओ. ते दोन वेगळे जिन्नस आहेत. काम नाही म्हणून दंड-मांड्या वाळत गेल्या, आणि दुधातुपाचं जे रोज उरायचं ते कमरेला साठत गेलं. दोन्ही एकाच टायमाला झालं, म्हणून बघणाऱ्याला वाटलं की एकाचं दुसरं झालं. आईंना एवढंच विचारा, त्यांच्या पैलवानाने कुस्ती सोडली तेव्हा दूध किती सोडलं होतं?

आता पट्टा. त्याचं उत्तर तुम्ही स्वतःच काट्यावर काढलंय. सातशे ग्रॅम घाम. आम्ही पण वजनगटात बसायला हेच करायचो. स्वेटरवर स्वेटर चढवून पळायचं, पाणी बंद, तोंडात आवळा धरून थुंकत बसायचं. दोन दिवसांत तीन किलो उतरायचे, जीव नुसता कासावीस. वजन देऊन काट्यावरनं उतरलं की पहिल्या तांब्याला एक किलो परत. चरबी असती तर पाण्याने परत आली असती का? घाम ही अंग गार करायची सोय आहे, बाकी काही नाही. दोन दिवसांत दोन किलो गेले म्हणून नाचणाऱ्यांचं पण बहुतेक पाणीच गेलेलं असतं. भात-पोळी कमी केली की अंगातली साखरेची साठवण रिकामी होते आणि तिच्याबरोबर तिच्या तिप्पट पाणी जातं.

मग चरबी जाते कुठं? माझी पुतणी फिजिओथेरपी शिकली, तिने सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. नाकातोंडातनं. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठातल्या दोघांनी हिशेब मांडला: १० किलो चरबी जळाली की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, १.६ किलोचं पाणी होतं. म्हणून लगेच जोरजोरात श्वास घ्यायला बसू नका. चूल पेटल्याशिवाय नुसती फुंकणी फुंकून धूर निघत नाही.

दोनशे क्रंचेस मारताय, चांगलंय, चालू ठेवा. पण त्याने पोटाचे स्नायू घट्ट होणार, वरची चरबी नाही जाणार. गोधडीखालची खाट मजबूत केली म्हणून गोधडी पातळ होत नाही. चरबी रक्तातनं सगळ्या अंगाला पुरवली जाते. आधी कुठली उतरणार हे तुमच्या हातात नाही, आईबापाकडनं ठरून आलेलं असतं. टेनिस खेळणाऱ्याचा खेळायचा हात दुसऱ्यापेक्षा दणकट असतो. १९७१ साली तसल्या खेळाडूंचे दोन्ही हात मोजले, तर कातडीखालची चरबी दोन्हीकडं सारखीच. लाखो फटके मारून जे हातावर झालं नाही ते दोनशे क्रंचेसनी पोटावर कसं होणार?

मुद्द्याचं बोलतो. चाळीस मिनिटं चाललात तर तुमच्या वजनाच्या माणसाच्या दोनशेच्या आसपास कॅलरी जातात. स्टेशनबाहेरचा एक वडापाव त्या भरून काढतो, वर थोडं उरतं. मधाचा मोठा चमचा साठ. मधाने चरबी वितळत नाही, मध म्हणजे साखरच. उपासाला काय खाता ते लिहिलं नाही, म्हणजे साबुदाणा. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी, प्रथिन नावाला नाही. वर दाण्याचं कूट, बटाटा, तूप. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्या लोकांनी उगीच नाही म्हणून ठेवलेलं.

तुम्ही पोळ्या मोजल्या, पण त्या ज्याच्याशी खाल्ल्या ते मोजलं नाही असा माझा अंदाज आहे. एकच विचारतो. घरात तेलाचा डबा किती लिटरचा, आणि किती दिवस जातो?

विणकाम

वहिनींसाठी लिहिते. मी ५७, नाशिक. चार वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. हाडांची घनता तपासली तर वयाच्या मानाने बरीच कमी. फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक-एक किलोची वजनं हातात दिली तेव्हा मीही हेच म्हणाले होते, मला पैलवान व्हायचं नाही.

आता वीस किलो घेऊन बैठका मारते, आठवड्यातून तीन दिवस. मनगट मोडलं त्या दिवाळीत शिवलेलं ब्लाउज आहे, मोरपंखी. ते अजून होतं. बाही तीच, टाच उसवावी लागली नाही. बदल एवढाच की भरलेला सिलिंडर ओट्याखाली सरकवायला आता शेजारच्या दादांना हाक मारत नाही. पुरुषी दंड होतात ते टेस्टोस्टेरॉन या हार्मोनमुळे, आणि ते पुरुषांत आपल्या साधारण पंधरापट असतं. माझ्या जिममधल्या पोरी जीव तोडून वर्षभर उचलतात तेव्हा कुठे दंडावर एक रेघ दिसते. चुकून कोणी पैलवान होत नाही हो.

सुरुवातीला एक गोष्ट होईल ती सांगून ठेवते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन किलोभर वाढू शकतं. नवीन व्यायामाने दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात. बऱ्याच बायका तिथेच सोडतात. आणि अंग दुखलं तरच व्यायाम झाला, असंही नाही. माझं आता क्वचितच दुखतं.

पावडरबद्दल. पनीर दाबताना खाली जे पिवळसर पाणी उरतं ना, व्हे प्रोटीन म्हणजे त्याच्याच जातीचं पाणी, गाळून, आटवून, वाळवून. वहिनी ते कदाचित मोरीत ओतत असतील. कणीक भिजवा त्यात. मूत्रपिंडं मुळात धड असतील तर बेताच्या प्रथिनाने बिघडत नाहीत. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये, ते वेगळं. हैदराबादच्या पोषण संस्थेचा २०२० चा आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला दिवसाला ५४. आपल्या वाटीभर वरणात पाच-सहा, एका अंड्यात सहा. करा बेरीज. आपल्याकडे जास्तीची भीती बाळगण्याइतकं पोटात जातच नाही. मात्र पावडर म्हणजे औषधही नाही. मुलगा उसळ-अंडी खात असेल तर ते पैसे वाचतील.

पेठेतला

चर्चा बरी चालली आहे, फक्त दोन दुरुस्त्या.

वजनं उचला हे बरोबर, पण 'स्नायू वाढले की बसल्याबसल्या चरबी जळते' असं जिममध्ये ठोकून देतात, त्यावर विसंबू नये. एक किलो स्नायू स्वस्थ बसल्यावर दिवसाला साधारण १३ कॅलरी खातो. अर्धं मारी बिस्कीट. स्नायू हवेत ते साखर रिचवायला आणि म्हातारपणी खुर्चीतून उठता यायला.

दुसरं, काटा. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला होता. एक आमच्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपण दिसायला सडपातळ आणि आतून तुपकट, हे त्यांनी स्वतःला उभं करून दाखवलं. तेव्हा दर दोन तासांनी काट्यावर चढणं बंद करावं आणि शिंप्याची टेप घ्यावी. भारतीय पुरुषाला कंबर ९० सेंमीच्या आत, बाईला ८०. प्रश्नकर्त्यांनी एवढं लिहिलं, पण कंबर लिहिली नाही.

आठबावीस

सगळ्यांना धन्यवाद. कंबर मोजली, १०२. श्वास आत घेऊन ९९, पण बायको टेप धरून उभी होती.

लालमाती, तुमचा प्रश्न रविवारी जेवताना काढला. डबा पाच लिटरचा. वाण्याच्या वहीत तारखा सापडल्या, मागचा सव्वीस दिवस गेला. मुलाने लगेच मोबाइलवर हिशेब केला: लिटरचं वजन ९१० ग्रॅम, माणसं चार, म्हणजे माणशी रोज ४४ ग्रॅम तेल. कॅलरी ३९५. माझं दोन दिवसांचं चालणं, आणि तेही फक्त फोडणीत. दाणे, तूप, कँटीनचं वेगळं. बायको म्हणाली, डब्यातून थेट कढईत ओततो ना आपण, त्याने. आता छोटी बाटली आणि पळी आली आहे. परवाची वांग्याची भाजी थोडी कोरडी होती. मी काही बोललो नाही.

उपासाचं तुम्ही ओळखलंत. साबुदाणाच. गुरुवारी बँकेच्या कँटीनमध्ये खिचडी मिळते, आणि मी दोन प्लेट घ्यायचो, उपास आहे म्हणून.

विणकाम ताई, पनीरचं पाणी ऐकून बायको हसत सुटली. डंबेल धुऊन झाले आहेत. पोळ्या करून झाल्या की ओट्यापाशीच दहा-दहा वेळा उचलते, मी बघायचं नाही या अटीवर. पनीरवर आता वरवंटा.

आईला तुमचा प्रश्न विचारला. ती लसूण सोलत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'दूध कसलं सोडतोय तो. दारात दोन म्हशी होत्या त्याच्या.' संध्याकाळी पावडरचा डबा माळ्यावरून खाली आला होता. कोणी काढला ते कोणी विचारलं नाही.

पट्टा टाकून देणार होतो. तो आईने ठेवून घेतलाय. रात्री गुडघ्याला गुंडाळते. ऊब बरी वाटते म्हणते.