आजीची 'रांडाव पुनव' म्हणजे नक्की कुठली पौर्णिमा?

चंद्रकोर७९:
मंडळी एक शंका. लेकीच्या मोबाईलमधलं अ‍ॅप दर पौर्णिमेला नाव दाखवतं, जानेवारीत वुल्फ मून, जूनमध्ये स्ट्रॉबेरी मून, तर ती विचारायला लागली आपल्यात अशी नावं नाहीत का. म्हटलं आहेत की, आणि बसलो वहीत लिहायला. हनुमान जयंती, बुद्धपौर्णिमा, वटपौर्णिमा, गुरुपौर्णिमा, नारळी, कोजागिरी, त्रिपुरी, दत्तजयंती, शाकंभरी, होळी, गाडी सुसाट. भाद्रपद आणि माघ मात्र कोरेच. मग आठवलं की आजी (माहेर गडहिंग्लजकडचं) रांडाव पुनव, अहेव पुनव म्हणायची आणि अर्थ विचारला की आई डोळे वटारायची. कुणाला माहितीये का?

तांबडापांढरा:
दोन्ही कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या यल्लम्माच्या, म्हणजेच रेणुकेच्या. नवरा जमदग्नी मारले गेले म्हणून रेणुका विधवा झाली ती मार्गशीर्षातली रांडाव पुनव, त्या दिवशी जोगतिणींच्या (देवीला वाहिलेल्या बायकांच्या) बांगड्या फोडायची रीत (मला कधीच पटली नाही), आणि माघात ती परत अहेव (सवाष्ण) होते, चुडा भरायचा. म्हणजे तुमचा माघ भरला बघा. सौंदत्तीहून माणसं परत आली की कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा, ताकातली आंबील, वडी, भाकरी, वांगं, कांद्याची पात, आम्ही लहानपणी देवीपेक्षा त्या वडीसाठीच जायचो. आणि हो, वटपौर्णिमेलाच आमच्याकडं कर्नाटकी बेंदूर, बायका वडाला दोरा गुंडाळतायत आणि तिकडं गोठ्यात बैलांची शिंगं रंगवणं चाललंय.

खाडीकाठ:
कोजागिरीपुढे कंसात नवान्न पौर्णिमा पण लिहा हो. मसाला दूध वगैरे रात्री, कोकणात सकाळी आधी नवं बांधायचं. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुर्डूचं फूल, हे सगळं आंब्याच्या पानात धरून दोऱ्याने घट्ट बांधायचं आणि दाराला, देवाला, नांगराला लावायचं. गेल्या वर्षी काकाने वायफायच्या डब्याला पण बांधलं, म्हणे रेंज वाढेल.

तिथीनिश्चय:
भाद्रपद कोरा नाही. प्रौष्ठपदी पौर्णिमा, पंचांगात बघा, भाद्रपदा नक्षत्रांचं जुनं नाव प्रोष्ठपदा त्यावरून. तसे महिन्यांची नावं पण पौर्णिमेवरूनच आलीत, चंद्र त्या रात्री ज्या नक्षत्राजवळ असतो ते, चित्रा चैत्र, विशाखा वैशाख, कृत्तिका कार्तिक. त्रिपुरीला लेकीला गच्चीवर न्या, चंद्राच्या आसपास तो कृत्तिकांचा बारका पुंजका शोधायला लावा (दरवर्षी बरोब्बर जमत नाही, एखादं नक्षत्र मागेपुढे होतं, आणि चंद्राच्या उजेडात दुर्बीण असेल तर बरं). अजून एक, बारा रकाने आखले असतील तर तेरावा ठेवा. २०२६ ला अधिक ज्येष्ठ, म्हणून ३१ मेची पौर्णिमा अधिकातली आणि वटपौर्णिमा थेट २९ जूनला.

चंद्रकोर७९:
भारीच! आईला फोन लावला, आधी म्हणाली कशाला उकरतोस, मग अर्धा तास आंबिलीवरच बोलत होती. वहीत अहेव पुनव लिहिलीय, दुसरीचं लेकीला कसं सांगायचं ते ठरत नाहीये अजून. @खाडीकाठ ते कुर्डूचं फूल पुण्यात मिळतं का कुठे?

खाडीकाठ:
विकत कशाला, पावसाळ्यानंतर कुठल्याही मोकळ्या माळावर बघा, पांढरं-गुलाबी तुऱ्यासारखं. लोक तण म्हणून उपटून टाकतात.