मोकळ्या आवाजाचे सायलेन्सर : तुमचे अनुभव लिहा

मी गेली 14 वर्षं मोटरसायकल चालवतेय. त्यातली 2 वर्षं माझ्या गाडीचा मूळ सायलेन्सर काढून मोकळ्या आवाजाचा लावला होता. आवडायचा मला तो आवाज. हे आधीच सांगते, कारण मोटरसायकलवाल्यांना झोडपायला हा धागा काढलेला नाही.

गेल्या महिन्यात बाबांचं ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर तिसऱ्या रात्री त्यांना पहिल्यांदा नीट झोप लागली. मी उशाशी बसले होते. पावणेदोनच्या सुमाराला खालून एक गाडी गेली. जेमतेम चार सेकंद. बाबा दचकून उठले, टाक्यांना हिसका बसला आणि पहाटेपर्यंत मग डोळ्याला डोळा नाही. तक्रार काही केली नाही त्यांनी, नुसतं "गेली का?" एवढंच विचारलं.

मला तो आवाज ओळखीचा होता. तसाच आवाज करत मी 2 वर्षं रात्री उशिरा कामावरून घरी यायचे. वाटेवरच्या कुठल्या खोलीत कोण कुणाच्या उशाशी बसलं असेल, हे एकदाही मनात आलं नाही. येणार तरी कसं? दचकणाऱ्याचा चेहरा चालवणाऱ्याला कधी दिसतच नाही, तो पुढे निघून गेलेला असतो.

म्हणून ते चेहरे इथे लिहूया. ज्यांना त्रास झाला त्यांनी लिहा, आणि ज्यांनी असा सायलेन्सर लावला होता किंवा अजूनही लावतात त्यांनीही जरूर लिहा. कुणाचं नाव, गाडीचा नंबर नको. शिवीगाळही नको.

*

ताई, धागा काढलात ते बरं केलंत. मला दिसत नाही. पांढरी काठी घेऊन रोज एकटाच कामावर जातो.

रस्ता मी कानाने ओलांडतो. आडव्या रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, माझ्या बाजूने जाणाऱ्या सुटल्या, वळणारी कुणी नाही, एवढं सगळं ऐकून झालं की पाऊल टाकायचं. टायरची घरघर, ब्रेकचं कुरकुरणं, गिअर बदलल्याचा आवाज, या बारीक गोष्टींवर माझा जीव असतो. लोक म्हणतात, "मोठा आवाज असला तर तुम्हाला गाडी लवकर कळत असेल ना?" खरं तर उलट होतं. ती एक गाडी कळते आणि बाकी सगळ्या पुसल्या जातात. भिंतींमधून आवाज असा घुमतो, की तीसुद्धा नेमकी कुठून येतेय ते कळत नाही.

विजेवरच्या मोटारी फार शांत असतात म्हणून त्यांना हळू वेगात मुद्दाम आवाज करायला लावणारा संयुक्त राष्ट्रांचा 138 क्रमांकाचा नियम आहे. 20 किलोमीटर वेगाला किमान 56 डेसिबल. आम्हा लोकांचा विचार करून झालेला नियम आहे तो. पण शेजारी एक मोकळा सायलेन्सर रेस होत उभा असला, तर त्या 56 डेसिबलचं मला काय ऐकू येणार?

एकदा असंच झालं. सिग्नलला मोटरसायकल थांबली होती, चालवणारा सारखी अॅक्सिलरेटरची मूठ पिळत होता. मी अंदाजाने पुढे झालो आणि एक गाडी काठीच्या टोकाला घासून गेली. काठी हातातून उडाली. मोटरसायकलवाल्यानेच ती उचलून दिली, हात धरून पलीकडे पोचवलं. मुलगा चांगलाच होता. आपल्या आवाजामुळे मला दुसरी गाडी ऐकू आली नाही, हे त्याला कळलंच नाही, आणि तेव्हा माझीही छाती इतकी धडधडत होती की सांगायचं राहून गेलं. ते इथे सांगतो.

*

मी कानाला यंत्र लावते. बारीक आवाज वाढवून द्यायचा, हे त्याचं काम. खूप मोठा आवाज ते आपणहून दाबतं, पण अचानक आलेल्या फटाक्यासारख्या आवाजाला तेवढी सवड मिळत नाही. डोक्यात सुई टोचल्यासारखं होतं. बाहेर पडताना आता मी यंत्र काढून पर्समध्ये ठेवते. म्हणजे रस्त्यावर, जिथे ऐकू येणं सगळ्यात जास्त गरजेचं, तिथेच मी बहिरी.

*

मी मेकॅनिक आहे. आठवड्यातून एखादा तरी गिऱ्हाईक येतो, "पुंगळी काढून द्या" म्हणतो. थोडं आतलं सांगतो, म्हणजे काय काढलं जातं ते कळेल.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातला जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप, उघडतो तेव्हा आतला वायू अजून दाबाखाली असतो, तो धक्क्याने बाहेर पडतो. सायलेन्सरच्या पोटात कप्पे आणि भोकाच्या नळ्या असतात. आवाजाच्या लाटा त्यांच्यावर आपटून परत फिरतात आणि एकमेकींना मारतात. काहींमध्ये काचेची लोकर असते, ती आवाज शोषते. हे सगळं काढलं की धक्का तसाच्या तसा रस्त्यावर येतो.

फोर-स्ट्रोक एका सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. 1200 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 1200 फेऱ्यांवर, उभी असेल तर सेकंदाला 10 ठोके, म्हणून ते सुटे सुटे ऐकू येतात. 4800 ला 40 ठोके. हा जाडा, खालच्या पट्टीतला आवाज भिंत आणि बंद खिडकी फारशी अडवत नाही. काचा थरथरतात त्या यामुळेच.

पोरं म्हणतात, पिकअप वाढतो. नुसता सायलेन्सर बदलून फारसं काही हाती लागत नाही, आवाजामुळे तसं वाटतं. इंधनाचं प्रमाण न जुळवता बदललात तर गाडी गरम होते, मूठ सोडल्यावर फटफट करते. आणि चालत्या गाडीत किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) दाबून फटाके काढणाऱ्यांना हात जोडून सांगतो, न जळलेलं पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यात खलास होतो. तो महाग भाग आहे.

पूर्वी मीही बदलून द्यायचो, धंदा होता. एका रात्री माझ्याच हातच्या कामाचा आवाज घराखालून गेला आणि धाकटी उठून रडायला लागली. तेव्हापासून मूळ सायलेन्सर परत बसवायचा असेल तर मी मजुरी घेत नाही.

*

मी सुरक्षिततेसाठी लावला होता, आणि मनापासून. एकदा एका मोटारीने मला न बघता लेन बदलली, मी पडलो. त्यानंतर वाटलं, दिसत नसलो तर निदान ऐकू तरी येऊ.

दीड वर्षांनी मित्राबरोबर करून पाहिलं. तो मोटारीत, काचा बंद, एसी आणि गाणी चालू. मी मागून आलो. माझा आवाज आला की त्याने हात वर करायचा, असं ठरलं होतं. मी दाराच्या बरोबरीला आलो तरी हात वर नाही. पुढे गेलो तेव्हा आला. मग जागा बदलल्या, मी आत बसलो, तेच झालं. सायलेन्सरचं तोंड मागे असतं, आवाजाचा जोर मागच्या बाजूला जास्त. ज्याच्यापासून धोका, तो बहुतेक वेळा पुढे असतो.

नंतर वाचलं, की अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरात हॅरी हर्ट या संशोधकांनी मोटरसायकल अपघातांचा मोठा अभ्यास केला होता. त्याचा अहवाल 1981 चा. तीन चतुर्थांशांहून जास्त अपघातांत धोका नाकासमोरच्या दिशेपासून 45 अंशांच्या आतच होता. म्हणजे समोरून दिसणं महत्त्वाचं. दिवसाही दिवा चालू ठेवतो आता, भडक जाकीट घालतो आणि मोटारीच्या मागच्या कोपऱ्यात रेंगाळत नाही. पडल्याची भीती अजून आहे, पण तिचा भार दुसऱ्यांच्या कानांवर टाकत नाही.

*

थोडा वेगळा सूर लावतो. मोटारींचे हॉर्न, बूफर, ट्रकचे ब्रेक, त्यांच्याबद्दल कुणी एवढं लिहीत नाही. मोटरसायकल दिसली की सगळे तुटून पडतात. आणि चार जणांच्या हौसेपायी सगळ्यांवर बडगा येतो. ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये 2020 पासून काही घाटरस्त्यांवर उन्हाळ्यात 95 डेसिबलपेक्षा जास्त आवाजाची नोंद असलेल्या मोटरसायकलींना मनाई झाली. नोंद गाडीच्या कागदावरची, त्यामुळे कंपनीतून आली तशीच ठेवलेल्या काही गाड्याही त्यात अडकल्या. जपून चालवणाऱ्याचाही रस्ता गेला. माझा राग अशा सायलेन्सरवाल्यांवर आहे तो या कारणाने.

*

मी रात्रपाळी करते, सकाळी 8 ते दुपारी 4 ही माझी झोप. त्रास होतो म्हणाले की लोक म्हणतात, "सरासरी पाहा, तुमचा रस्ता तसा शांत आहे." बरोबर आहे. 8 तासांची सरासरी 50 डेसिबल धरा. त्यात एक गाडी 5 सेकंद 85 डेसिबलने गेली, तर सरासरी 52 च्या आतच राहते. मी हिशोब करून पाहिला. कागदावर काहीच झालं नाही आणि माझी झोप मोडली. माणूस सरासरीने जागा होत नाही हो.

*

पहाटे साडेचारला निघावं लागतं. गाडी ढकलत गल्लीच्या तोंडाशी नेतो आणि तिथे चालू करतो. सायलेन्सर मूळचाच आहे, तरीही. वरचा गिअर लवकर टाकत, मूठ हळूहळू पिळत जातो. 60 पावलं ढकलावी लागते. खालच्या मजल्यावरच्या आजी परवा म्हणाल्या, "हल्ली तू कामावर जात नाहीस का रे?"

*

माझ्या गाडीला अजून तोच लावलेला आहे. सगळं वाचलं. काठीचं वाचून उठून गॅलरीत गेलो, थोडा वेळ बसलो. सिग्नलला मूठ पिळायची सवय मलाही आहे. त्यामागे काही कारण नाही, हात रिकामा असतो म्हणून.

मूळ सायलेन्सर माळ्यावर आहे, काल उतरवला. रविवारी बसवायचाय. पण इंजिनकडचे दोन नट गंजून घट्ट बसलेत, जोर लावला तर स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटेल असं वाटतंय. मेकॅनिकदादा, काय करू?

*

जोर लावू नका. गाडी थंड असताना गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी परत मारा. मग पाना आधी किंचित घट्ट करायच्या बाजूला, नंतर सोडायच्या बाजूला, असा थोडा थोडा हलवत आणा. गॅस्केट, म्हणजे जोडातली चकती, नवीनच टाका. जुनी दबलेली असते, ती ठेवलीत तर जोडातून गळेल आणि फटफट पुन्हा सुरू होईल. नाहीच सुटले, तर तसेच ठेवून मला इथे सांगा, पुढचं सांगतो.