माशाच्या पोटात जिवंत किडे! तातडीने मदत हवी

म्हापसेकरीण: सकाळी बाजारातून मासा आणला. साफ करताना किडे निघाले, वळवळत होते! सासूबाई म्हणतात धुऊन तळ, काही होत नाही. सहा वर्षांच्या मुलाने दोन तुकडे खाल्लेसुद्धा. डॉक्टरकडे नेऊ का? लवकर सांगा, उरलेला ओट्यावर तसाच आहे.

बार्देशकर: ताई, मासा कुठला? किडे मांसात होते की पोटात? रंग?

सोलकढी: 2018 चे गोव्यातले फॉर्मेलिन प्रकरण (मासळीत मृतदेह टिकवायचे रसायन असल्याचे) विसरलात? मी तेव्हापासून बाजाराचा मासा सोडला, थेट होडीवरून घेते.

बार्देशकर: फॉर्मेलिनमध्ये किडे वळवळले असते का? आणि होडीवरच्या माशातही किडे असतातच, ते समुद्रातूनच येतात. ताई, रंग सांगा.

म्हापसेकरीण: गोबरो (ग्रूपर), दीड किलोचा. किडे गाबोळीत (अंड्यांच्या पिशवीत), लालभडक, लोकरीच्या धाग्यासारखे. एक तर वीतभर होता. मुलाने तळलेलेच खाल्ले हो, कच्चा कोण खातो?

जाळेवाला: गोबऱ्याच्या गाबोळीत लाल धागे म्हणजे बहुधा फिलोमेट्रा नावाचे परजीवी किडे. माशाचे रक्त पितात म्हणून लाल. त्याची अंडी नासवतात, पण शिजवून खाणाऱ्या माणसाला त्यांचा त्रास होत नाही. जपायचे ते अनिसाकिस या दुसऱ्या किड्याला. पांढरट, दोन-तीन सेंटिमीटर, घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेटोळे घालून आतड्यांवर, यकृतावर बसलेले. मासा मेल्यावर त्यातले काही पोटातून मांसात शिरतात, म्हणून मासा घरी आला की आधी आतडी काढा. आतपर्यंत 60 अंशांवर मिनिटभर शिजला की तेही मरतात.

रेशादप्रेमी: एवढे कशाला? व्हिनेगर-मीठ लावून तासभर ठेवा. आमच्याकडे मोल (माशाचे लोणचे) असेच टिकते.

जाळेवाला: नाही हो, अनिसाकिस व्हिनेगरमध्ये कितीतरी दिवस जगतो. मोलातला मासा आधी तळलेला असतो, म्हणून निभावते. कच्चा किंवा अर्धकच्चा खायचा तर उणे 20 अंशांत सात दिवस गोठवावा लागतो. घरच्या फ्रीजवर विसंबू नका.

रेशादप्रेमी: आमची आजी नव्वद वर्षे जगली.

तिसऱ्यो: हाताचा वास जात नसेल तर लिंबाची साल चोळा.

बार्देशकर: ताई, मूल कसे आहे?

म्हापसेकरीण: खेळतोय. पण गालावर थोडे लाल दिसते. डास चावला असेल का?

जाळेवाला: लाली पसरली, गांधी उठल्या, ओठ सुजले तर लगेच न्या, वाट बघू नका. श्वासाला त्रास झाला तर 108 ला फोन करा. मेलेल्या अनिसाकिसचीसुद्धा ॲलर्जी येते, आणि नुसत्या माशाचीही येऊ शकते. डॉक्टरना मासा खाल्ल्याचे आवर्जून सांगा.

म्हापसेकरीण: एकच ठिपका आहे, मध्ये चावल्याची खूण दिसते. तरी तासभर त्याच्याजवळच बसते. गाबोळी टाकली. उरलेल्या तुकड्यांचे तिरफळे घालून हुमण करते, चांगले रटरटू देते. सासूबाईंना अनिसाकिसचे वाचून दाखवले. पुढच्या वेळी पोट आपणच आधी उघडते म्हणाल्या.