मदत हवी आहे : राज्यसंस्थेविना समाज रंगवणाऱ्या विज्ञानकथा

आमच्या वाचनगटात अर्सुला ले ग्विनची 'द डिस्पझेस्ड' (1974) वाचून झाली. तिच्यातल्या अनारेस नावाच्या जगात पैसा नाही, कायदा नाही, तुरुंग नाही. कामं एक मध्यवर्ती यंत्रणा सुचवते आणि ती नाकारताही येतात. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मताचा धाक एवढा, की नाकारणारा एकटा पडतो. मला ही कादंबरी फार प्रामाणिक वाटते ती याचसाठी. सत्ता मोडली तरी ती ओळखीपाळखीतून, समित्यांमधून परत कशी उगवते, हे ती लपवत नाही.

पुढच्या बैठकीसाठी याच प्रश्नाला वेगळं उत्तर देणारं पुस्तक हवंय. एडवर्ड बेलामीची कादंबरी 'लुकिंग बॅकवर्ड' (1888) पाहिली, पण तिथे सगळं सरकारच चालवतं. रुकैया हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' (1905) सगळ्यांनाच आवडते, पण त्यात राणी आहे.

मराठी, हिंदी किंवा इंग्रजी चालेल. कथा असली तर उत्तमच. हुकूमशाहीच्या भयकथा नकोत, त्या भरपूर वाचल्यात. सरकार नसताना दोन गटांत पाण्यावरून किंवा जमिनीवरून तंटा झाला, तर तो नेमका कसा सुटतो, हे पायरीपायरीने दाखवणारी विज्ञानकथा कुणाच्या वाचनात आहे का? मराठीत असं कुणी लिहिलंय का?